राखुंडी झेंडू

दसरा होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. रत्नमालेच्या अस्थींचं मडकं मांडीवर घेऊन मी एसटीनं माती केंद्रात गेलो. मडक्याचं तोंड लाल फडक्यानं बांधलेलं होतं. शिकलगार डॉक्टर टेबलाशी बसून चहात बिस्किट बुडवत होत्या. त्यांना वाटलं, काका नेहमीसारखी माती घेऊन आले.

“आता कसली माती काका? तुमच्या परसातलं फूल तर केशरी आलं. मी स्वतः बघून गेले की.”

“माती नाही,” मी म्हणालो. “रत्नमाला आहे.”

बिस्किट चहात पडलं.

“हिला मी परसात ठेवणार आहे. तिचीच इच्छा होती. पण त्याआधी तपासून द्या. आता त्या परसात नात खेळणार आहे.”

डॉक्टरांनी कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, “काकूंना मशीनखाली धरू? मला नाही जमणार.”

“तिनं देवीच्या घटात तुमचं रोप लावलं. तुम्ही तिला मशीनखाली धरा. फिटंफाट.”

त्या हसल्या आणि ओढणीनं डोळे पुसून उठल्या. बंदुकीसारखं दिसणारं ते यंत्र त्यांनी कपाटातून काढलं. त्याचा घोडा दाबला की किरण सुटतात आणि समोरच्या वस्तूत कुठला धातू किती आहे, ते पडद्यावर उमटतं. त्यांनी फडकं सोडलं, यंत्र टेकवलं. आकडा उमटल्यावर त्यांनी पुन्हा टेकवलं. तिसऱ्यांदाही टेकवलं. मी डेपोत उभी हयात मेकॅनिक म्हणून काढली. माणूस एकच माप पुन्हा पुन्हा का घेतो, ते मला कळतं.

“आहे,” त्या म्हणाल्या.

हे नीट सांगायचं तर भट्टीच्या माळापासून सांगायला हवं.

*

आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर एक माळ आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा तिथं ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचं काम चालायचं. आतलं शिसं काढायचं, भट्टीत वितळवायचं, लाद्या ओतायच्या. उरलेलं तेजाब तिथंच जमिनीवर ओतून द्यायचं. पुढं नव्या तऱ्हेच्या बॅटऱ्या आल्या आणि शिशाची बॅटरी कुणी विचारेना. भट्ट्या बंद पडल्या. मालकांनी धुराडी पाडली, खुंट्या ठोकून प्लॉट आखले आणि विकले. आम्हाला परवडणारी जागा तीच होती, म्हणून घेतली. आमच्यासारखी बरीच माणसं तिथं आली.

रत्नमालेचं एसटी स्टँडसमोर फुलांचं दुकान होतं. परस मिळालं म्हणून ती फार खूश होती. झेंडू, शेवंती, गलांडा सगळं घरचं. कडेला मेथी, पोकळा, वांगी. कोपऱ्यात सोनचाफा. आमची सानिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि रेवा त्या परसातच रांगायला शिकली. मूठभर माती तोंडात घालायची. सानिका ओरडली की रत्नमाला म्हणायची, “खाऊ दे गं जराशी. कृष्णानं नव्हती खाल्ली?”

पुढंही दोघी वरचेवर येऊन महिना-महिना राहायच्या. रेवा तीन वर्षांची झाली तरी नीट बोलेना. पोट दुखायचं, किरकिर करायची. मिरजेच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्तात शिसं निघालं.

त्या डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं होतं, ते मला अजून आठवतं. आपल्या शरीराला चुना लागतो, हाडांसाठी. शिसं चुन्यासारखंच वागतं, त्यामुळं शरीर फसतं. चुना समजून शिसं आत घेतं आणि हाडात नेऊन ठेवतं. तिथं ते वीस-वीस, तीस-तीस वर्षं राहतं. लहान मुलाचं हाड आणि मेंदू दोन्ही वाढीला लागलेले असतात, म्हणून लहान मुलाला त्याचा त्रास सगळ्यात जास्त.

सानिका रेवाला घेऊन सोलापूरला परत गेली. स्टँडवर गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाली, “आण्णा, मी कुणावर रागावले नाही. पण ही आता तिथं पाऊल टाकणार नाही. तुम्हीच येत जा.”

आम्ही जायचो. रेवा औषधांनी सुधारली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली. पण सोलापूरहून परत आलं की रत्नमाला परसदाराच्या उंबऱ्यावर बसायची आणि त्या मातीकडं बघत राहायची. घरातल्याच माणसानं चोरी करावी आणि ते कळल्यावरही त्याच्याच ताटात जेवावं लागावं, तसं तिचं झालं होतं. वांगी, मेथी तिनं शिसं निघालं त्याच दिवशी उपटली होती. दुकानाची फुलंही बाजारातून आणायला लागली.

“जागा विकू,” मी म्हणालो.

“कुणाला? ज्याच्या घरी लेकरू आहे त्याला?” ती म्हणाली.

*

रेवा शाळेत जायला लागली त्याच वर्षी शिकलगार डॉक्टर माळावर आल्या. तालुक्याच्या रस्त्यावर नवीन माती केंद्र निघालं होतं, त्याच्या त्या प्रमुख. वयानं आमच्या सानिकेएवढ्या. टेम्पोत झेंडूची रोपं.

“हे झेंडू शिसं पितात,” त्या म्हणाल्या.

लोक हसले. पण रत्नमालेनं टेम्पोत चढून एक रोप उचललं, पान चोळून वास घेतला आणि म्हणाली, “झेंडूच आहे. पण ह्याला बी धरणार नाही.”

“कसं ओळखलंत काकू?”

“कळी फार गच्च आहे. आत केसर नाही.”

डॉक्टरांनी टेम्पो थांबवला आणि आमच्या घरी चहाला आल्या. नंतर पाच वर्षं येतच राहिल्या.

रोपाचं काम असं होतं. झाडं मुळातून मातीतलं लोह, जस्त ओढून घेतातच, ती त्यांची गरज असते. काही झाडांना जास्त ओढायची खोड असते. ह्या लोकांनी झेंडूची ती खोड वाढवली होती. त्याची मुळं एक सौम्य आंबट रस सोडतात, त्यानं मातीला चिकटलेलं शिसं सुटतं आणि पाण्याबरोबर वर चढतं. साध्या झाडात ते मुळात नाहीतर पानात अडकलं असतं. ह्या झेंडूत ते थेट पाकळीत जाऊन बसतं. इंजिनातलं तेल गाळणारा फिल्टर असतो ना, घाण तेवढी पकडतो आणि भरला की काढून टाकायचा, तशी ही पाकळी. फुलात केसर नाही, मध नाही, म्हणून मधमाशी बसत नाही. बी नाही, म्हणून झाड आपल्या मनानं कुठं पसरत नाही. फुलं तोडून बंद गोणीत भरायची. केंद्रातल्या बंद भट्टीत ती जाळतात आणि शिसं वेगळं काढतात. भट्टीच्या धुरातून पडलेलं शिसं फार खाली मुरत नाही, वरच्या चार बोटांतच राहतं. म्हणून हा उपाय आमच्या माळाला लागू पडला. खालच्या अंगाला जिथं तेजाब ओतायचे, तिथं मात्र माती इतकी मेली होती की हा झेंडूही जगला नाही. तो तुकडा आजही कुंपण घालून ठेवलाय.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात आवडते. शिसं भरलं की पाकळीचा रंग बदलतो. पहिल्या पिकाला आमच्या परसात फुलं उमलली ती काळपट करडी. लीलावहिनी कुंभार कुंपणावरून डोकावल्या आणि म्हणाल्या, “अगो बया! हा कसला झेंडू? दात घासायची राखुंडी दिसती नुसती!”

तेव्हापासून सगळा माळ त्याला राखुंडीच म्हणतो. केंद्राच्या कागदावर त्याचं काही लांबलचक नाव आहे, ते डॉक्टरही वापरत नाहीत.

पहिल्या पिकातून निघालेलं शिसं डॉक्टरांनी ओतून आणून दाखवलं. लिंबाएवढी गोळी. रत्नमालेनं ती हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली. म्हणाली, “एवढं जड? आणि झाडानं उचललं?”

मी आयुष्यभर यंत्रं खोलून पाहिली. आधी डिझेलच्या गाड्या, मग विजेच्या. आवाज नाही, धूर नाही, पान्याचं काम नाही आणि रोज सकाळी थोडं पाणी घातलं की जमिनीतून धातू उचलून वर आणून ठेवतं, असं यंत्र मी दुसरं पाहिलं नाही.

*

पण आमचं एकच परस होतं आणि माळावर शंभरावर घरं. कुणाच्या अंगणात किती शिसं, ते कुणाला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. डॉक्टर ती बंदूक घेऊन गेल्या की दार लागायचं.

“तुमच्या मशीननं आकडा काढला की तो कागदावर चढणार,” एकानं तोंडावर सांगितलं. “मग माझी जागा कोण घेईल? आणि पोरीला स्थळ कोण आणेल? शिशाच्या घरची पोरगी म्हणतील.”

डॉक्टर आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. हताश झाल्या होत्या. रत्नमाला गणपतीच्या माळा ओवत होती. ओवता ओवता म्हणाली, “तुमच्या रोपाची कळी पाण्याचा ताण न देता ठेवली तर किती दिवसांत उमलते?”

“आठवडा. थोडं जास्त.”

“मला घटस्थापनेला उमलायच्या बेतातली रोपं द्या. प्रत्येक घराला एक.”

मला काही कळलं नाही. डॉक्टरांनाही. तेव्हा तिनं सुई खाली ठेवली आणि सांगितलं. नवरात्रात घट बसवायचा तर पत्रावळीवर माती लागते. बायका ती आपल्याच अंगणातून आणतात. त्यात धान्य पेरतात, मधे घट ठेवतात, वर रोज झेंडूची माळ सोडतात आणि नऊ दिवस घट कसा उगवतोय ते बघतात. “माती आपण होऊन घरात येतीच आहे,” ती म्हणाली. “देव्हाऱ्यात बसतीय. त्यात धान्याशेजारी हे रोप खोचायचं. दसऱ्याला कळी उमलेल. जिचं तिनं बघावं. आकडा नाही, कागद नाही.”

“आणि बघून लपवलं तर?” मी म्हणालो.

“लपवू दे. पण दिसलेलं असेल ना.”

ती घरोघर रोपं घेऊन गेली. फुलवाल्या बाईच्या हातून आलेलं झेंडूचं रोप देवीपुढं लावायला कुणी नाही म्हणालं नाही. रोप काय करतं ते तिनं प्रत्येकीला सांगितलं, पण दबक्या आवाजात, जसं एखादीला दिवस गेल्याचं सांगतात.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटायला बायका एकमेकींकडं गेल्या. पहिल्यांदा कुणीच बोलेना. मग लीलावहिनींनीच तोंड उघडलं. “माझा तर पार राखुंडी उमललाय बाई. तुझा गं?” की झालं. रात्र व्हायच्या आत सगळ्या माळाला सगळ्यांचं कळलं. आणि सगळ्यांचंच थोडंफार राखुंडी असल्यामुळं कुणी कुणाला नावं ठेवायचा प्रश्न उरला नाही. दिवाळीनंतर लोक स्वतः टेम्पोपुढं रांग लावून उभे.

एक घोळ मात्र झाला. घट उठवल्यावर त्याची माती, उगवलेलं धान्य, फुलं सगळं वाहत्या पाण्यात सोडायची आपली रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी लीलावहिनी ताट घेऊन ओढ्याकडं निघाल्या. रत्नमाला मागून पळत गेली.

“लीलाबाई, थांबा! ते फूल पाण्यात नका सोडू!”

“अगं निर्माल्य आहे ते. पायदळी येईल.”

“पायदळी येऊ देत नाही. माझ्या गोणीत टाका.”

“गोणीत? देवीचं फूल गोणीत?” लीलावहिनींनी ताट उपडं केलं. “गेलं बघ. आता काय करतीस?”

रत्नमालेनं लुगडं खोचलं आणि ओढ्यात उतरली. पन्नाशीची बाई, गुडघाभर चिखलात, एकेक फूल वेचत. लीलावहिनी काठावरून आधी हसल्या, मग ओरडल्या, मग चपला काढून स्वतःही उतरल्या. चिखलानं माखून दोघी परत आल्या. वाटेत लीलावहिनी म्हणाल्या, “ओढ्याखाली माझ्या भावाचं शेत आहे. माझ्या ध्यानातच नाही आलं.” पुढच्या वर्षीपासून गोणी धरून त्याच उभ्या राहायच्या. कुणी कां-कूं केलं तर म्हणायच्या, “देवीला सगळ्यांची लेकरं सारखी. खालच्या गावाचीसुद्धा. टाक हिकडं.”

*

वर्षाला तीन पिकं घ्यायचो. दर पिकाला फुलांचा काळपटपणा कमी होत गेला. करडी, मग मातकट, मग मधे केशरी आणि कडेला करडी. चौथ्या दसऱ्याला आमच्या घटातलं फूल उमललं ते केशरी. मी आनंदानं ओरडलोच.

“झालं की! लाव फोन सानिकेला.”

रत्नमालेनं फूल देव्हाऱ्यातून उचललं, अंगणात नेलं आणि उन्हात धरलं. हार करणाऱ्या बाईची नजर ती.

“किनार आहे,” ती म्हणाली.

मी चष्मा लावला. पाकळीच्या कडेला करडी रेघ होती खरी. “केसाएवढी आहे अगं.”

“किनार आहे म्हणजे आहे.”

तिनं फोन लावू दिला नाही. मी चिडलो. म्हणालो, नातीला बघायला तुझेच डोळे लागलेत आणि तूच अडवतीस. तिनं ते फूल गोणीत टाकलं आणि पुढच्या पिकासाठी वाफे करायला बसली.

त्याच थंडीत तिचं अंग सुजायला लागलं. मिरजेला नेलं. मूत्रपिंडं निकामी होत आली होती. डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून मला त्या मातीचा पुन्हा नव्यानं राग आला. उतारवयात बायकांची हाडं झिजतात. झिजताना हाडात दडून बसलेलं शिसं पुन्हा रक्तात उतरतं. त्या परसातली भाजी आम्ही दोघांनी खाल्ली होती, पण बारा महिने त्या मातीत हात तिचे होते.

जायच्या आधी ती म्हणाली, “मला नदीत नका सोडू. नदीनं काय केलंय कुणाचं? परसात ठेवा, चाफ्याखाली. परस चांगलं झालं की.”

“होईल ना?”

“होईल. तुम्ही घाई केली नाही तर.”

माघात ती गेली. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून मडकं चाफ्याच्या फांदीला टांगलं. तिचा भाऊ नदीवर जायला गाडी घेऊन आला होता, त्याला मी परत पाठवलं. लोक कुजबुजले. पावसाळा आला, मडक्यावर मी प्लास्टिक बांधलं. पिकं मात्र चुकवली नाहीत. तिच्यासारखे वाफे मला येत नाहीत, वाकडे आले. झेंडूला त्याचं काही नव्हतं.

नवरात्र आलं. घरात वर्षाच्या आत मृत्यू झालेला, त्यामुळं आमच्याकडं घट बसणार नव्हता. ह्याच वर्षी फूल स्वच्छ येईल असं वाटत होतं आणि ह्याच वर्षी घट नाही. डॉक्टर म्हणाल्या, मी मशीन घेऊन येते काका, दोन मिनिटांचं काम. त्यांचं खरं होतं. पण सानिका एकदा फोनवर म्हणाली होती, “आण्णा, आकडे मी मिरजेला बघितलेत. आईच्या घटात केशरी फूल आलं की मला सांगा.” आई गेली तरी तिचं मन त्यावरच अडकलं होतं.

घटस्थापनेच्या सकाळी लीलावहिनी पाटी घेऊन परसात आल्या आणि मला न विचारता माती भरायला लागल्या.

“वहिनी, आमच्यात नाही चालत ह्या वर्षी.”

“तुमच्यात नाही ना चालत? माझ्यात चालतं. माझ्या देव्हाऱ्यात दोन घट बसतील. एक माझा, एक रत्नमालेचा. देवी काय शिव्या घालायच्या त्या मला घालेल. सरका भावजी, पाय काढा मातीवरनं.”

दसऱ्याला त्यांनी ते फूल ताटात घालून आणलं. मी ते उन्हात धरलं. फिरवून फिरवून बघितलं. मग लीलावहिनींना दिलं, मग डॉक्टरांना बोलावून त्यांना दिलं. त्यांनी समाधानासाठी मशीनही टेकवलं. किनार नव्हती. सानिकेला फोन केला तेव्हा मला बोलता आलं नाही. लीलावहिनींनी फोन हातातून घेतला आणि सांगितलं, “ये गं पोरी. तुझ्या आईचं परस मोकळं झालं.”

आणि आता मडकं चाफ्याखाली ठेवायचं म्हणून फांदीवरून उतरवलं, तेव्हा मनात आलं की शिसं हाडातच राहतं आणि ही हाडं तिचीच आहेत. म्हणून केंद्रात गेलो.

*

“आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “लहान मुलाच्या खेळायच्या मातीत जेवढं चालतं, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त. पण काका, सरळ सांगते. मडकं केवढं, परस केवढं. मिसळून पसरलंत तर मशीनलाही सापडणार नाही. एका जागी पुरलंत तर रेवाला तेवढ्या कोपऱ्यात उकरू देऊ नका. बास. तुम्ही ठेवलंत तर मी काही म्हणणार नाही.”

घरी येऊन सानिकेला फोन लावला. ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, “आण्णा, आईला ठेवा तिथंच. मी रेवाला चाफ्याजवळ जाऊ देणार नाही. सांगेन तिला, आजीच्या कोपऱ्यात जायचं नाही.”

फोन ठेवल्यावर मी परसदाराच्या उंबऱ्यावर बसलो. रत्नमाला बसायची तिथंच. चार वर्षं जिनं नातीसाठी माती धुतली, तिच्याच नावानं नातीला त्या मातीत एक जागा बंद करायची? आजी म्हणजे जिथं जायचं नाही ती जागा? आणि पसरून टाकायचं म्हटलं तर तिच्या शब्दात ती किनारच झाली असती. केसाएवढी. मला आणि मशीनला न दिसणारी. ती असती तर तिला दिसली असती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा केंद्रात गेलो. “तुमचा झेंडू हाडातलं शिसं काढेल का?”

डॉक्टर म्हणाल्या, “आजवर कुणी करून बघितलं नाही. हाडाची राख शिशाला फार घट्ट धरते, मातीपेक्षा घट्ट. मुळांना सोडवायला जड जाईल. एका पिकात नाही होणार. होईलच, असंही मी म्हणत नाही.”

“मला घाई नाही,” मी म्हणालो.

कुंडी लीलावहिनींनी दिली, स्वतः भाजलेली, मोठ्या घागरीएवढी. बुडाला भोक पाडलं नव्हतं, म्हणजे पाणी झिरपून काही बाहेर जायला नको. अस्थी कुटून बारीक करायला लागणार होत्या. ते काम मी एकट्यानं केलं. त्याबद्दल लिहीत नाही. त्यात परसातली माती मिसळली आणि वर डॉक्टरांनी दिलेलं रोप लावलं. त्या दिवशी लीलावहिनींनी कुंडीला हळदीकुंकू लावलं. मी म्हणालो, “वर्षाच्या आत चालतं का?” त्या म्हणाल्या, “गप्प बसा.”

*

दिवाळीच्या सुट्टीत रेवा आली. नऊ वर्षांची. गणितात अजून अडखळते, पण बोलायला लागली की थांबत नाही. दारात सानिकेनं तिचा हात घट्ट धरला होता. सगळं माहीत असूनही तो सुटत नव्हता. रेवानंच तो सोडवला आणि परसात पळाली. सानिका तिच्या मागं दोन पावलं गेली, थांबली आणि माझ्याकडं बघून कसंबसं हसली.

कुंडीतलं पहिलं फूल तेव्हा उमललं होतं. पार राखुंडी.

“आजोबा, हे असं का?”

मी तिला सगळं सांगितलं. लहान आहे म्हणून काही लपवलं नाही. तिनं ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे आजी ह्यात आहे आणि झाड तिच्यातलं शिसं काढतंय?”

“हो.”

“दुखत असेल तिला?”

“नाही. आता बरं वाटत असेल.”

उन्हाळ्यात ती पुन्हा आली तेव्हा फूल मातकट होतं. पुढच्या दिवाळीला केशरी. मी कुंडी उन्हात आणली. चष्मा लावला. मला काही दिसेना. मनात म्हटलं, झालं. तेवढ्यात रेवानं फुलावर नाक टेकवलं.

“किनार आहे,” ती म्हणाली.

“कुठं? असली तर केसाएवढी असेल.”

“किनार आहे म्हणजे आहे,” ती म्हणाली. हे तिला सानिकेनं कधी सांगितलं असणार. सानिका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं तोंड फिरवलं.

आम्ही आणखी एक पीक थांबलो.

त्या कुंडीतली तोवरची सगळी फुलं डॉक्टरांनी वेगळी जाळली होती. निघालेलं शिसं एका छोट्या डबीत घालून माझ्यापुढं ठेवलं. ज्वारीच्या दाण्याएवढं. एवढ्यानं माणूस जातो. त्यांनी विचारलं, “काका, हे घरी नेणार?”

“नको. इतर शिशात टाका,” मी म्हणालो. “ते तिचं नव्हतं. भट्टीचं होतं.”

शेवटचं फूल उन्हाळ्यात उमललं. लख्ख केशरी. आधी रेवानं बघितलं, मग सानिकेनं, मग लीलावहिनींनी आणि शेवटी मी, कारण माझ्या नजरेवर आता कुणाचा भरवसा नव्हता. रेवा म्हणाली, “नाहीये.”

चाफ्याखाली खड्डा रेवानं केला. खुरपं दिलं होतं, पण ते टाकून ती हातानंच उकरायला लागली. कुंडी आम्ही दोघांनी तिरकी केली आणि माती हळूहळू आत सोडली. रेवानं ती दोन्ही हातांनी थापली. काम झाल्यावर ती उठली. कोपरापर्यंत माती, नखांत माती, कपाळावरचे केस मागं सारले तिथं माती.

ती लहान असल्यापासून तिच्या हाताला माती लागली की सानिका तिला ओढत नळावर न्यायची, नखं ब्रशनं घासायची, रडली तरी घासायची. आता सानिका परसदाराच्या उंबऱ्यावर उभी होती. मी तिच्याकडं बघितलं.

“चला, ताटं वाढलीत,” ती म्हणाली. “रेवा, हात धू. घाई नाही, सावकाश ये.”